न्हाणीतली दांडी

१

केवळराम रोज सकाळी आधी न्हाणीला शिव्या घालायचा, मग आंघोळ करायचा. जातीचा ढिवर, जन्मभर मासे धरत तलावात डुंबलेला माणूस तो. चार भिंतींच्या आत, टाइल्सवर उभं राहून, डोक्यावरच्या चाळणीतून गळणारं पाणी अंगावर घ्यायचं म्हणजे त्याला कोंबडं सोलायच्या आधी भिजवतात तसं वाटायचं. पण पोरानं हौसेनं बांधून दिली होती. स्वप्निल ऊर्जानगरला बस चालवतो. तिकडच्या क्वार्टरात पाहिलं आणि गावातल्या घराच्या मागच्या अंगाला तसंच करून घेतलं. निळ्या टाइल्स, वर शॉवर, आणि शॉवरच्या खाली धरायला स्टीलची दांडी.

दांडी दिसायला झकास होती. काम पडलं तेव्हा भिंतीतून उपटून हातात आली.

हातात आली ती केवळरामच्या बायकोच्या, कुंताच्या. तिचा पाय घसरला, तिनं दांडी धरली, दांडी सुटली आणि दांडीसकट बाई खाली. खुबा मोडला. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, हाडात सळई टाकली. आता ती घरी यायची होती. डॉक्टरनं स्वप्निलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता पुन्हा पडली तर उभी राहायची नाही. स्वप्निलनं ते बापाला फोनवर सांगितलं आणि बाप त्या दिवसापासून सगळ्यांवर खेकसत होता. कुत्र्यावर, सुनेवर, दूधवाल्यावर. भीती वाटते म्हणून सांगायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती.

"मामाजी, धम्मदीप मिस्त्रीले फोन लावला मी," सून पुनम म्हणाली. "लग्नसराई आहे म्हणते. सारे लोकं लग्नाआंधी टाइल्स लावून राह्यले. पुढच्या हप्त्यात येतो म्हणते."

"मंग पुढच्या हप्त्यापर्यंत तुही आत्याबाई का हवेले धरून आंघोळ करन?"

"मी ओल्या फडक्यानं पुसून देईन ना."

"बाई आहे थे. फटफटी नाई पुसाले," केवळराम म्हणाला आणि पेचकस शोधायला लागला.

२

भिंत राखेच्या विटांची. ठेकेदारानं भोकं पाडून त्यात प्लास्टिकच्या गुल्ल्या बसवल्या होत्या, आणि त्यात स्क्रू. आता भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी मोठी झालेली. केवळरामनं बाजारातून नव्या गुल्ल्या आणल्या. स्क्रू पिळला की गुल्लीही त्याच्यासंगं फिरायची. त्यानं त्या उकिरड्यावर फेकल्या.

लाकडाची गुल्ली पाहिजे. तीही साध्या लाकडाची नाही. न्हाणीतलं पाणी पिऊन साधं लाकूड फुगतं, मग वाळतं, मग ढिलं पडतं. तलावात जाळं बांधायचा जो खुंटा असतो, त्याचं लाकूड पाहिजे. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं. ते ना फुगत ना आकसत. पण केवळरामचे खुंटे पुनमनं हिवाळ्यात पाणी तापवायला चुलीत घातले होते. त्यावरून झालेलं भांडण अजून पुरतं मिटलं नव्हतं.

तलाव घराच्या मागेच. न्हाणी, मग थोडी वाडी, मग तलावाचा बांध, म्हणजे पाळ, मग तलाव. उन्हाळ्यात पाणी आटून मधल्या डबक्यात गोळा झालेलं. मासेमारी संपली की सगळे आपापले खुंटे उपटून घरी नेतात. एक तेवढा ठेवतात. मधोमध, जिथं पाणी शेवटी आटतं तिथं. त्याला कोणी जाळं बांधत नाही, त्याला कोणी हात लावत नाही. कशाला ठेवायचा हे कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. त्या खुंट्याशी खेळली म्हणून खुद्द केवळरामनं कितीतरी पोट्ट्यांच्या पाठीत धपाटे घातले होते.

भर दुपारी गाव दारं लावून झोपलेलं असताना तो चिखलात उतरला. मांड्यांपर्यंत गाळ. खुंट्यासमोर उभा राहून त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"नेतो," तो म्हणाला. "माह्या बायकोचं काम आहे."

एवढा जुना खुंटा, त्याला वाटलं होतं दोरी लावून ओढावा लागेल. दोन्ही हातांनी धरून जरासा हलवला आणि तो दुधाचा दात निघावा तसा निघून आला.

घरी आणून कोयत्यानं त्याच्या गुल्ल्या तासल्या. बोटाच्या पेराएवढ्या. लाकूड आतपर्यंत काळं, शिंगासारखं टणक. भोकात हातोडीनं ठोकल्या, दांडीच्या चकत्या त्यावर धरल्या, स्क्रू पिळले. या वेळी स्क्रू असे बसले की शेवटचा फेरा देताना मनगट दुखलं. मग म्हातारा दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळला. पाय वर घेतले. दारातून पुनमनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून निघून गेली. दांडी केसभरही हलली नाही.

तिथंच काम संपलं होतं. पण हाताला जन्माची सवय. ढिवर खुंट्यावर दोन बोटं टेकवतो आणि पाण्याखाली जाळ्यात काय आहे ते सांगतो. बारीक मासा असला तर टिकटिक होते. मोठा असला तर जड, सावकाश ओढ लागते. केवळरामनं उगाच, खुंट्यावर टेकवावीत तशी दोन बोटं दांडीवर टेकवली.

ओढ होती.

दांडी हलत नव्हती. नुसती ओढ होती, आत, जड, सावकाश. आपण जाळ्यात आहोत हे अजून ज्याला कळलं नाही, असं काहीतरी मोठं जाळ्यात असलं की लागते तशी.

त्यानं बोटं काढून लुंगीला पुसली. मोटार चालू असेल, तिची थरथर. पण लाईट तर सकाळपासून गेलेली होती. मग आपलीच नाडी असेल. बीपीची गोळी घ्यायची राहिली होती. त्यानं गोळी घेतली आणि पुन्हा बोटं टेकवायला मात्र गेला नाही.

३

दुसऱ्या दिवशी पुनम न्हाणी धुऊन बाहेर आली ती कोपर चोळत.

"लागली जी मामाजी, दांडी."

"डोळे कुठी होते?"

"डोळे जागेवरच होते. काल तिथंच घासलं मी, काल नाई लागली. आज लागली."

"तूच मोटी झाली असशील काल रात्रीतून."

पुनम फणफणत गेली. केवळराम आत जाऊन पाहतो तर चकती आणि टाइल यांच्यामध्ये फट पडलेली. नखाएवढी. काल तिथं कागदही गेला नसता. त्यानं पेचकस आणून स्क्रू पिळायला घेतले. स्क्रू पक्के होते, एक सूतही पुढं सरकेनात. दांडीला हिसके दिले. दांडीही पक्की. म्हणजे ढिलं काहीच नव्हतं, आणि फट होती.

लाकूड फुगलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. मग स्वतःलाच झिडकारलं, कारण हे लाकूड फुगत नाही म्हणून तर आणलं होतं.

तो घराला वळसा घालून भिंतीच्या पाठीमागे गेला. बाहेरून भिंत वाळलेली, ऊन लागून तापलेली. तिच्यावर एक सरडा, बाजूला दोडक्याचा वेल. हातानं चाचपली, कुठं ओल नाही. मग त्यानं कान लावला. तापलेल्या भिंतीनं कान भाजला तरी काढला नाही. आतून आवाज येत होता. चुळुक, चुळुक. वारा नसताना संथ पाणी पाळीला लागतं तसा.

पाइप असेल. त्यानं वरच्या टाकीचा कॉक बंद केला आणि पुन्हा येऊन कान लावला.

चुळुक, चुळुक.

संध्याकाळपर्यंत फटीत करंगळी जायला लागली.

४

कुंता घरी आली ती गाडीत मागच्या सीटवर आडवी, वॉकर छातीशी धरून. अर्धी झाली होती. जीभ तेवढी अख्खी परत आली होती. स्वप्निलनं तिला खाटेवर बसवलं, औषधं पुनमला समजावली आणि ड्युटी होती म्हणून तसाच परत गेला.

"हे काय, घरात झाडू मारत नाई का कोणी?" कुंता म्हणाली.

"आल्याबरोबर सुरू झाली," केवळराम म्हणाला. तो लगेच उठून बाहेर थुंकायला गेला.

"मले आंघोळ करायची आहे," ती मागून म्हणाली. "महिनाभर नर्सा पुसून राह्यल्या. अंगाले दवाखान्याचा वास येऊन राह्यला."

"आज नाई."

"काऊन नाई?"

"दांडी ढिल्ली आहे."

"तुमी तं लटकले म्हणे तिले, वांदरावानी. पुनमनं सांगतलं फोनवर."

"मी लटकलो. तू नाई लटकायची."

"पाणी तुमच्या बापाचं आहे का?"

"व्हय, माह्या बापाचं आहे," केवळराम म्हणाला. तो न्हाणीत शिरला आणि आतून कडी लावून घेतली.

दांडी काढून टाकायची असं त्यानं ठरवलं होतं. दांडी नसलेली बरी. बाई निदान भरवसा ठेवून हात तरी टाकणार नाही. जे आत ओढत होतं, ते कुंताचा हात धरून काय करेल, हा विचार तो पुरा करत नव्हता. अर्ध्यातच सोडत होता.

स्क्रू मुकाट्यानं निघाले. एकेक हातात आला, भर उन्हाळ्यात गार, आट्यांमध्ये काळा गाळ. तलावाचाच गाळ. त्याचा वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. सगळे स्क्रू काढून त्यानं बंडीच्या खिशात टाकले आणि दांडी खाली पडेल म्हणून एक हात खाली धरून उभा राहिला.

दांडी पडली नाही.

ओढली, नाही आली. हातोडी घेऊन चकतीवर घाव घातला. भिंतीवर घाव घातल्यावर जसा वाजतो तसा आवाज नव्हता. बद्द, खोल, लांबून आलेला. गाळात रोवलेल्या खुंट्यावर घाव घातला की येतो तो. त्यानं दुसरा घाव घातला नाही. हळूच कडी काढून बाहेर आला आणि पुनमचा फोन मागून धम्मदीप मिस्त्रीला लावला.

"मिस्त्री, आजच्या आज ये."

"भाऊ, हप्त्याभरानं म्हटलं ना."

त्यावर केवळराम जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. धम्मदीप दुपारी येतो म्हणाला.

"मिस्त्री येऊन जाईपर्यंत न्हाणीत कोणी पाय ठेवायचा नाई," केवळरामनं बजावलं. कुंतानं भिंतीकडे तोंड करून कूस बदलायचा प्रयत्न केला. खुब्यामुळे जमलं नाही, म्हणून नुसते डोळे मिटून घेतले.

५

दुपारी पुनम फोन घरीच ठेवून दळण आणायला गेली. कूलर घरघरत होता, कुंता झोपली होती. निदान केवळरामला तसं वाटलं. एवढ्यात धम्मदीपचा फोन आला. गावात आलो, घर कोणतं? दोनदा सांगून त्याला कळेना म्हणून केवळराम चपला घालून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथं कोणी नव्हतं. बुढा उन्हात हात डोळ्यांवर धरून उभा राहिला. मिस्त्री दुसऱ्याच गल्लीत शिरला असेल म्हणून तो परत फिरला.

अंगणात आला तर मागच्या बाजूनं बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज.

घरात गेला. खाट रिकामी.

मागच्या दाराशी आला. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी वॉकर उभा. एकटाच. उंबरा उंच, वॉकर त्यावरून जात नव्हता, म्हणून तिनं तो बाहेर सोडला आणि भिंत धरून आत गेली. दार लोटलेलं. खालून साबणाचं पाणी वाहत होतं.

"कुंता," त्यानं हाक मारली.

"आली, आली. भूत लागल्यावानी काऊन ओरडता?"

आणि लगेच पाय घसरला. ओल्या टाइलवर टाच घसरण्याचा आवाज त्यानं याआधी एकदाच ऐकला होता, आणि तो त्याला पाठ होता.

त्या वेळी घसरल्यानंतर लगेच दुसरा आवाज आला होता, पडल्याचा. केवळराम तिथंच थिजला आणि त्या दुसऱ्या आवाजाची वाट पाहू लागला. दार ढकलून आत धावायला हवं होतं, पण पाय उचलेना. तांब्यातून पाणी सांडल्याचं ऐकू आलं. तांब्या टाइलवर गडगडत गेला. थांबला.

पडल्याचा आवाज आला नाही.

त्यानं दार ढकललं.

कुंता न्हाणीच्या मधोमध होती. मागे झुकलेली, अर्धी पडलेली. आणि भिंत तिच्यापासून लांब होती. हात लांबवून पोचली नसती इतकी लांब. तिचे दोन्ही हात दांडीवर होते आणि दांडी भिंतीवर नव्हती. ती तिच्यापाशी होती. दांडीच्या दोन्ही टोकांपासून मागे भिंतीपर्यंत काळं, ओलं, हातभर लांब काहीतरी आलेलं. त्यावर हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि टपटप पाणी गळत होतं. त्यानं पेराएवढ्याच गुल्ल्या तासल्या होत्या. भिंतीच्या आत ते कुठपर्यंत गेलं होतं, ते त्यानं पाहिलं नाही.

दांडी वर चालली होती. हिसका नाही, घाई नाही. जाणता ढिवर भरलेलं जाळं वर घेतो तशी, आतलं काही निसटू नये, काही दुखू नये अशी. तिच्याबरोबर कुंता वर येत होती. पाठ सरळ झाली. पाय टाइलवर टेकले. टाचा नीट बसल्या.

मग केवळरामचे पाय सुटले. त्यानं बायकोला ओल्या अंगानं मिठीत घेतलं, खुंटीवरचं लुगडं तिच्याभोवती गुंडाळलं आणि तिला भिंतीकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्यानं खांद्यावरून एकदा मागे पाहिलं.

दांडी भिंतीवर होती. टाइलला चिकटून, फट नाही, जिथं त्यानं पहिल्या दिवशी बसवली होती तिथंच. खाली टाइलवर गाळाचे दोन ओघळ नाल्याकडे चालले होते. आणि त्याच्या बंडीच्या खिशात, तो चालला की, स्क्रू वाजत होते.

६

धम्मदीप ड्रिल मशीन खांद्याला लावून आला तेव्हा कुंता खाटेवर पाय लांब करून बसली होती. पुनम दळण ठेवून चहाला लागली होती. केवळराम न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसला होता. उठायचं नाव नाही.

"जय भीम, भाऊ. तीन गल्ल्या फिरलो. कुठी आहे दांडी?"

"जय भीम. चहा पी."

"आंधी काम पाहतो."

"काम झालं."

धम्मदीपनं मशीन खाली ठेवलं. "सकाळी तुमी माह्या बापाचा उद्धार केला, आजच्या आज ये म्हणून. एका पोरीच्या घरची हळद सोडून आलो मी."

"केला. चुकलं. आता नाई लागत."

केवळरामच्या तोंडून 'चुकलं' ऐकून पुनमनं चुलीपासून मान वळवली.

"एकदा पाहू तं द्या," धम्मदीप म्हणाला. "राखेची वीट आहे, धरत नाई. ढिल्ली राह्यली तं बाईच पडन ना बिचारी."

"नाई पडत."

"काऊन नाई पडत?"

"पडली होती मी," कुंता खाटेवरून म्हणाली. ती केस विंचरत होती. "आता, मघाच. पाय गेला ना. हात टाकला तं पुरे ना. मी म्हटलं झालं, गेली आता. मंग थेच पुढं आली."

"कोण पुढं आली?"

"दांडी. कोण मंग?"

धम्मदीप हसला. पुनमही हसली, "आत्याबाई, गोळ्यांची गुंगी आहे जी तुमाले." कुंतानं कंगव्यातला केसांचा गुंता काढून बोटाला गुंडाळला. तिला कोणाची समजूत घालायची नव्हती.

केवळराम हसला नाही. तो बायकोच्या पायांकडे पाहत होता. दोन्ही पाय खाटेवर सरळ, अख्खे, टाचेला साबणाचा फेस वाळलेला. महिनाभर त्याला नीट भूक लागली नव्हती. आता चहाच्या वासानं भूक लागली.

"पुनम, साखर जास्त टाक," तो म्हणाला. "आन मिस्त्रीले काही खायले दे. हळदीतून उठून आला थो."

धम्मदीपनं बसून चहा घेतला, वर पोहे खाल्ले, आणि मशीन न काढताच परत गेला. जाताना दारातून त्यानं न्हाणीकडे मान लांबवली, पण स्टुलावर बुढा बसलेला.

"आयकता का," कुंता म्हणाली. "उद्या मी डोक्यावरून आंघोळ करीन. सांगून ठेवतो. मंग कडी लावून बसू नोका आतमंदी."

केवळरामनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"कर," तो म्हणाला.